थेंबांचा पाटकरी

मस्कतहून निझव्याकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी बिरकत अल-मौझ नावाचं गाव लागतं. तिथल्या खजुरीच्या बागांतून अल-खतमीन हा फलज वाहतो. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी नुसत्या उतारावर, कुठलाही पंप न लावता, गावापर्यंत आणणारा पाट. ओमानमधल्या ज्या पाच फलजांना युनेस्कोनं २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांतला हा एक. फलजाचं पाणी घागरीनं मोजत नाहीत, वेळेनं वाटतात. साधारण अर्ध्या तासाच्या पाळीला ‘अथर’ म्हणतात. दिवसा रोवलेल्या काठीची सावली आणि रात्री तारे बघून एकाची पाळी संपली, दुसऱ्याची लागली, हे ठरायचं. फलजाचा कारभार बघणाऱ्या माणसाला तिकडे ‘वकील’ म्हणतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. आपल्या धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठच्या फड पद्धतीत, पाणी वाटायचं काम पाटकरी करतो.

मी बायोमेडिकल इंजिनिअर. नागपूरहून मस्कतला गेलो तो इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करायला, आणि माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा येऊन पडायचे ते औषध सोडणारे पंप. फलजाच्या काठावर उभं असताना जाणवलं की दोन्हीकडचा हिशेब एकच आहे : प्रवाह गुणिले वेळ. फरक एवढाच की पाटकऱ्याला शेतातलं पीक दिसतं. ऊस तहानलेला आहे की भुईमूग सडायला आलाय, हे त्याला बांधावरून कळतं. पंपाला सिरिंजमध्ये काय भरलंय याचा पत्ता नसतो. साधं सलाईन असो की नॉरॲड्रेनॅलिन, त्याच्या लेखी ते ढकलायचं पाणी. ताशी पाच एमएल सांगितलं की तो पाच एमएल ढकलतो, आणि पन्नास सांगितलं तर पन्नासही तितक्याच इमानानं ढकलतो. या आंधळ्या इमानदारीला डोळे लावायचे जे जे प्रयत्न झाले, त्यांची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

शिरेतून काही आत सोडता येतं, ही कल्पना पंपांपेक्षा फार जुनी. १६५६ साली ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर रेन यांनी पिसाची नळी आणि जनावराचं मूत्राशय वापरून कुत्र्याच्या शिरेत द्रव सोडून पाहिले. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणारे रेन ते हेच. १८३२च्या पटकीच्या साथीत थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरांनी शेवटच्या घटका मोजणाऱ्या रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं आणि काही जण उठून बसले. तिथून आजच्या सलाईनपर्यंत यायला बराच काळ लागला, पण तत्त्व तेच राहिलं : बाटली वर, माणूस खाली, मधे एक चिमटा. श्रावणात पिंडीवर टांगलेलं अभिषेकपात्र ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या व्यवस्थेतली खोट वेगळी सांगायला नको. पात्र भरलेलं असताना धार जोरात असते, ओसरलं की मंदावते. सलाईनचंही तसंच, वर रोग्यानं कोपर दुमडलं, कूस बदलली, पलंग खाली केला, की वेग बदलला. ताशी शंभर एमएल द्यायचे आणि नळी वीस थेंबांना एक एमएल देणारी असेल, तर मिनिटाला साधारण ३३ थेंब पडले पाहिजेत. ते सिस्टरनं घड्याळाकडे बघत मोजायचे. आमच्या मराठी घरांत ‘सलाईन लावली’ या शब्दांत अजूनही जो दिलासा आहे, तो या मोजणाऱ्या सिस्टरचा असावा.

सलाईन ताशी दहा एमएल कमीजास्त गेलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अतिदक्षता विभाग आले आणि त्यांच्याबरोबर अशी औषधं आली, ज्यांचा शरीरातला मुक्काम दोन-तीन मिनिटांचा. रक्तदाब धरून ठेवणारं औषध दर किलोमागे, दर मिनिटाला, मायक्रोग्रॅमच्या अंशात द्यायचं असतं. तिथं थेंब मोजून भागेना. मग यंत्र आलं, आणि यंत्राबरोबर दोन घराणी.

युरोपचं घराणं सिरिंजचं. मोटर एक स्क्रू फिरवते, स्क्रू दट्ट्याला सरकवतो. छोटी मात्रा, तीव्र औषध, बारीक वेग, यात याचा हात धरणारा नाही. अमेरिकेचं घराणं पिशवीचं. नळीवर बोटांसारखे दांडे एकामागून एक दाबत जातात, जसं आतडं अन्न पुढे सरकवतं, आणि हजार एमएलची पिशवीसुद्धा नेमक्या वेगानं उतरते. आखातातल्या इस्पितळांत ही दोन्ही घराणी एकाच खाटेच्या दांड्यावर नांदताना दिसतात. त्यांच्या खोडी मात्र वेगळ्या. सिरिंज पंप सुरू करताना स्क्रू आणि दट्ट्यात थोडी ढिलाई असली, तर ताशी एक एमएलवर पहिला थेंब निघायलाच बराच वेळ जातो. नळी कुठं मुडपली तर अलार्म उशिरा वाजतो, आणि मुडप सोडवली की साठलेला दाब एकदम आत जातो. अनुभवी सिस्टर म्हणूनच आधी नळी रोग्यापासून सोडवतात, मग मुडप काढतात. पिशवीच्या घराण्याची जुनी भीती म्हणजे पंपाचं दार उघडलं आणि नळी मोकळी सुटली, तर सगळी पिशवी बघता बघता रिकामी.

सिरिंज पंपाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पंप औषध मोजत नाही, दट्ट्यानं कापलेलं अंतर मोजतो. त्याला सिरिंजचा आतला व्यास ठाऊक असावा लागतो, म्हणून सुरुवातीला तो सिरिंज कुठल्या कंपनीची असं विचारतो. एका इस्पितळात पुरवठा खंडित झाल्यावर दुसऱ्याच बनावटीच्या सिरिंज आल्या, आणि पंपावर जुनंच नाव निवडलेलं राहिलं. माझ्याकडे तक्रार आली ती ‘पंप खराब आहे, औषध वेळेआधी संपतंय’ अशी. पंप ठणठणीत होता. व्यासातला एक-दोन मिलिमीटरचा फरक चोवीस तासांत केवढा होतो, ते मी त्या दिवशी बुरेट आणि स्टॉपवॉच घेऊन पहिल्यांदा स्वतः मोजलं.

ओमानचा आणि या यंत्राचा खरा धागा मात्र अतिदक्षता विभागात नाही, घराघरांत आहे. ओमानी लोकांच्या रक्तात दोन जुने आजार आहेत. राष्ट्रीय पाहणीत सुमारे सहा टक्के लोक सिकलचे वाहक आणि सुमारे दोन टक्के बीटा थॅलसेमियाचे वाहक आढळले. ओमानी रुग्णांमधला सिकलचा जनुक एकाच ठिकाणचा नाही. त्यात आफ्रिकेतले प्रकार आहेत आणि अरब-भारतीय म्हणून ओळखला जाणारा प्रकारही आहे, म्हणजे झांझिबार आणि मलबारपर्यंत गलबतं हाकणाऱ्या देशाचा इतिहासच. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या सिकलच्या रुग्णांमध्ये हाच अरब-भारतीय प्रकार दिसतो. मस्कतमध्ये सिकलच्या वेदनेनं कळवळणारं पोर पाहिलं की मला विदर्भातलं इस्पितळ आठवायचं, ते केवळ घरच्या आठवणीनं नव्हे.

थॅलसेमियाच्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. चढवलेल्या रक्तातलं लोह बाहेर पडायला शरीरात वाट नाही, ते हृदयात आणि यकृतात साचतं. ते ओढून काढणारं डेस्फेरिऑक्सामीन हे औषध तोंडानं चालत नाही आणि रक्तात मिनिटांतच निम्मं उरतं. म्हणून ते पोटाच्या कातडीखाली आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री, सावकाश सोडत राहावं लागतं. इंग्लंडमध्ये नॉर्थविक पार्क इथं काम करणाऱ्या मार्टिन राइट यांनी सत्तरच्या दशकात बॅटरीवर चालणारा खिशाएवढा सिरिंज पंप बनवला, तो या मुलांसाठी. फुप्फुसांचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटरही राइट यांचाच. १९७९ साली पॅट्रिक रसेल यांनी हाच पंप कॅन्सरच्या अखेरच्या दिवसांतल्या रोग्यांना वेदनाशामक देण्यासाठी वापरला, आणि मुलांसाठी केलेलं यंत्र उपशामक सेवेचं प्रतीक होऊन बसलं. ओमानमध्ये एका पिढीनं हा पंप उशाशी घेऊन शाळा केली. रात्री आई पावडर पाण्यात विरघळवते, सिरिंज भरते, सुई टोचते. सकाळी शाळेच्या बसआधी सुई काढायची. पुढे पोटात घ्यायच्या गोळ्या आल्या. त्यांतली डेफेरिप्रोन ही पहिली गोळी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर परवाना मिळून बाजारात आली ती भारतात, मुंबईच्या सिप्लाकडून. पंप आणि औषध परवडत नसलेल्या आपल्याकडच्या घरांना ती गोळी काय वाटली असेल, हे उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत किंवा मुलुंडच्या कच्छी कुटुंबांत विचारावं.

राइट यांच्या त्या गुणी पंपाची पुढची कहाणी वाईट आहे, आणि या पुस्तकाचा मोठा भाग तिच्यावरच उभा आहे. त्याची दोन रूपं बाजारात आली : निळं आणि हिरवं. निळ्यावर वेग तासाला मिलिमीटरमध्ये लावायचा, हिरव्यावर चोवीस तासांना मिलिमीटरमध्ये. बाकी दोघं जुळी भावंडं. एकाचा आकडा दुसऱ्यावर लावला की मात्रा चोवीस पट, किंवा चोविसावा हिस्सा. अशा चुकांत माणसं गेली. २०१० साली ब्रिटिश आरोग्यसेवेनं मिलिमीटरवाले पंप पाच वर्षांत काढून टाकायला सांगितलं. इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या इस्पितळातल्या प्रकरणाचा चौकशी अहवाल २०१८ साली आला. १९८९ ते २००० या काळात ४५६ रुग्णांचं आयुष्य वेदनाशामकांच्या अनाठायी वापरानं घटलं, असं त्यात म्हटलं आहे. तिथं सिरिंज ड्रायव्हर, म्हणजे असाच छोटा सिरिंज पंप, हे साधन होतं. दोष त्या मात्रा लिहून देणाऱ्यांचा आणि ते चालू देणाऱ्यांचा होता. पंपाच्या इतिहासात यंत्राची चूक आणि माणसाची चूक इतक्या वेळा एकमेकींत मिसळतात, की मी त्या वेगळ्या काढायचा हट्ट हळूहळू सोडला.

चोवीसचं भूत कॅनडातही दिसलं. एडमंटनमध्ये २००६ साली एका रुग्णाला फ्लोरोयुरॅसिल हे कॅन्सरचं औषध चार दिवसांत द्यायचं होतं. दिवसाला २८.८ एमएल, म्हणजे ताशी १.२. औषधाच्या लेबलवर दोन्ही आकडे होते. पंपावर ताशी २८.८ लावलं गेलं. दोन नर्सनी हिशेब तपासला, चोवीसनं भागायचं दोघींच्याही हातून राहिलं, आणि चार दिवसांचं औषध चार तासांत गेलं. रुग्ण वाचला नाही. त्या घटनेची चौकशी जाहीर झाली आणि ती मी प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला वाचायला लावतो. तिच्यात खलनायक नाही, म्हणूनच ती वाचवत नाही.

अशा घटनांतून ‘हुशार’ पंप निघाले. औषधाचं नाव निवडा, पंपात साठवलेली यादी सांगेल की या औषधाला एवढा वेग जास्त आहे. एक मर्यादा समजावणीची, ती ओलांडता येते. एक कडक, ती ओलांडता येत नाही. पंपाला पहिल्यांदाच थोडी दृष्टी आली. पण यादी कोण अद्ययावत ठेवणार? घाईच्या वेळी सिस्टर यादी टाळून थेट वेग लावतात, आणि दिवसभर निरर्थक वाजणाऱ्या अलार्ममध्ये खरा अलार्म ऐकू येईनासा होतो. २००५ ते २००९ या पाच वर्षांत अमेरिकेच्या एफडीएकडे पंपांबाबतच्या सुमारे ५६ हजार तक्रारी आल्या आणि ८७ वेळा पंप बाजारातून परत बोलवावे लागले. पुढे पंप इस्पितळाच्या नेटवर्कला जोडले गेले, आणि २०१५ साली एफडीएनं एका पंपाबद्दल सांगितलं की बाहेरचा माणूस नेटवर्कमधून शिरून त्याचा वेग बदलू शकतो, तो वापरू नका. फलजाच्या वकिलाला अशी चिंता कधी पडली नसेल.

दुसरी वाट रुग्णाच्या हाती बटण देण्याची. अमेरिकेत फिलिप सेक्झर यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ती मांडली आणि १९७६ साली वेल्समधून कार्डिफ पॅलिएटर हा पहिला विकाऊ पंप आला. दुखलं की दाबा. ठरावीक मिनिटं गेल्याशिवाय दुसऱ्यांदा दाबलं तरी काही येणार नाही. यातली खुबी अशी की गुंगीत गेलेला माणूस बटण दाबत नाही, म्हणजे त्याची झोपच त्याला वाचवते. सिकलच्या वेदनांसाठी याचा फार उपयोग होतो. फक्त मायेनं उशाशी बसलेल्या आईनं किंवा मावशीनं रुग्णाच्या वतीनं बटण दाबायचं नाही. मस्कत काय नि नागपूर काय, ही सूचना पाळून घेणं सगळ्यात अवघड.

तिसरी वाट गणिताची. शरीरात औषध कुठं किती साठेल याचं समीकरण पंपातच घालायचं आणि भूलतज्ज्ञानं वेगाऐवजी रक्तातली पातळी मागायची. १९९६ला प्रोपोफोलसाठी असा पंप आला आणि युरोप-आशियात रुळला. अमेरिकेनं त्याला आजवर परवानगी दिलेली नाही. चंडीगढच्या पीजीआयमध्ये जी. डी. पुरी यांनी त्याच्याही पुढे जाऊन मेंदूच्या लहरी वाचून स्वतःच भूल कमीजास्त करणारी यंत्रणा उभी केली. मधुमेहात ही कल्पना आणखी जुनी. १९६३च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये अरनॉल्ड केडिश यांनी पाठपिशवीएवढा इन्सुलिन पंप बनवला होता. रक्तातली साखर बघून स्वतःच बराचसा निर्णय घेणाऱ्या पंपाला परवानगी मिळायला २०१६ उजाडलं.

हे सगळं ओमानमध्ये कसं पोहोचलं, तो भाग वेगळ्या चवीचा आहे. ओमानचं क्षेत्रफळ जवळपास महाराष्ट्राएवढं, तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर. माणसं मात्र पन्नास लाखांच्या आसपास. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले, तोवर आधुनिक वैद्यकाचा मुख्य आधार म्हणजे मुत्रहचं अमेरिकन मिशनचं इस्पितळ. १९८७ला रॉयल हॉस्पिटल, १९९०ला सुलतान काबूस विद्यापीठाचं इस्पितळ, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या क्रमवारीत ओमानची आरोग्यव्यवस्था जगात आठवी. तीस वर्षांत हे साधलं. त्या क्रमवारीवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण तिथं राहिलेल्या माणसाला बदल दिसत होता. मस्कत ते सलाला हजारेक किलोमीटर, मुसंदम तर मुख्य भूमीपासून तुटलेलं. रुग्ण हलवायचा म्हणजे पंपाची बॅटरी हा जिवाचा प्रश्न. २००७च्या गोनू चक्रीवादळात वीज आणि रस्ते गेले, तेव्हा ते सगळ्यांनाच कळलं.

आणि ऊन. २६ जून २०१८ला कुरयात गावी चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. पंपातलं इन्सुलिन ३७ अंशांपुढे तापलं तर टाकून द्यावं, असं त्याच्याबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं. फुग्याच्या दाबावर चालणारे, वीज न लागणारे पंपही उन्हात दगा देतात. द्रव तापला की पातळ होतो आणि वेग वाढतो. म्हणून त्यांची नळी कातडीला चिकटवून ठेवायची असते. बाहेर ४५, आत एसीत २०, कातडीवर मात्र तापमान साधारण एकसारखंच. रमजानमध्ये इन्सुलिन पंपाचा रोजचा साचा उलटतो. उपवासाच्या उतरत्या प्रहरात धार कमी करायची, इफ्तारनंतर वाढवायची. अशा महिन्यात पंप सुईपेक्षा सोयीचा, पण महिन्याआधी डॉक्टरांकडे जाऊन बसलं तर. आपल्याकडे चातुर्मासात उपास धरणाऱ्या मधुमेही आजींना हे प्रकरण परकं वाटू नये.

हे पुस्तक तीन प्रकारच्या माणसांसाठी आहे : नोकरीसाठी आखातात निघालेल्या मराठी परिचारिका आणि तंत्रज्ञ, घरी पंप सांभाळणारी कुटुंबं, आणि यंत्राबद्दल नुसतंच कुतूहल असलेले वाचक. औषधांच्या मात्रा यात दिलेल्या नाहीत. त्या डॉक्टरांच्या कागदावर असाव्यात, पुस्तकात नव्हे. कंपन्यांची तुलनाही टाळली आहे, कारण पुस्तक छापून होईतो मॉडेलं बदलतात. भारतातल्या कायद्याची बाजू थोडक्यात आहे : २०१५ला सुरू झालेली उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंदव्यवस्था, २०१७चे नियम, आणि १ एप्रिल २०२० पासून सगळ्याच वैद्यकीय उपकरणांना लागू झालेली औषधाची व्याख्या. भर आहे तो यंत्र आतून कसं चालतं आणि कुठं चुकतं यावर. पंप आता इस्पितळातून घरी येऊ लागला आहे, आणि घरी रात्री दोन वाजता तो वाजला की दार ठोठावायला कोणी सिस्टर नसते. शब्दांच्या बाबतीत मी हट्ट धरलेला नाही. बोलस, रेट, अलार्म हे शब्द वॉर्डात जसे बोलतात तसेच ठेवले आहेत. जिथं ‘अडथळा’ पुरेसा होता तिथं ऑक्लुजन म्हटलेलं नाही.

शेवटी आकड्यांचा एक तक्ता जोडला आहे, आणि तो का, हे सांगायला हवं. ओमानचा रियाल हजार बैशांचा. ‘बैसा’ म्हणजे आपला पैसाच. १९७० पर्यंत तिथं रुपया चालायचा. त्यामुळे दुकानात दीड रियाल लिहायचा तर १.५०० असा, दशांशानंतर तीन घरं. औषधाच्या कागदावर मात्र दशांशानंतरचं रिकामं शून्य लिहायचं नसतं, कारण टिंब पुसट झालं तर १.० चे दहा होतात. आणि अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच. त्यात अरबी लिपीतलं शून्य म्हणजे नुसतं टिंब, आणि तिथला पाच हा हुबेहूब आपल्या मराठी शून्यासारखा. मस्कतला पहिल्या आठवड्यात भाजीवाल्याच्या पाटीवरचा पाच मी शून्य वाचला, तो हसला आणि मी उरलेले पैसे काढून दिले. तक्त्यात तिन्ही लिप्यांचे आकडे शेजारी शेजारी आहेत. पान कापून डब्यात ठेवलंत तरी चालेल.